हिशोब का चुकतो? : बायपोलर आजार, अंगातला दाह आणि बुद्धीचं काम

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

 

आपल्या बचत गटाच्या कामात 'सीआरपी' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? उमेदची सीआरपी ताई. बैठकीला येणारी, वही तपासणारी, रखडलेला गट मार्गी लावणारी. आज मी दुसऱ्याच एका सीआरपीबद्दल बोलणार आहे. ही आपल्या रक्तात असते. कोरोनाच्या काळात तिचं नाव घरोघरी झालं होतं. पेशंट भरती झाला की डॉक्टर म्हणायचे, सीआरपी वाढलाय, सीआरपी उतरला. त्या सीआरपीचा आणि मनाच्या एका आजाराचा काय संबंध आहे, आणि त्याचा आपल्या गटाच्या वहीशी काय संबंध, हे आज समजून घेऊ.

मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, गटांची समन्वयक. पण गटांत फिरताना एक प्रश्न मला वेगवेगळ्या गावांत ऐकू आला. एखादी ताई मानसिक आजारातून उठते, हसते-बोलते, कामावर जाते. सगळे म्हणतात, बरी झाली. मग ती बैठकीत बसते आणि बेरीज चुकते. मागच्या महिन्यात काय ठरलं ते तिला आठवत नाही. कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, यात गोंधळ होतो. मग कुजबुज सुरू होते. 'बरी झाली म्हणे, मग असं कसं?' 'लक्षच नाही तिचं.' 'नाटक करते.' आणि एखाद्या बैठकीत ठराव येतो की हिला सचिव पदावरून काढा. कधी कधी तर गटातूनच काढायची गोष्ट निघते.

मैत्रिणींनो, गटातून नाव गेलं तर त्या बाईचं फक्त पद जात नाही. तिची बचत, तिचं अंतर्गत कर्ज, दर आठवड्याला घराबाहेर पडायचं कारण, चार बायांत बसायची जागा, सगळं जातं. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी आजार कोणता ते सांगते. त्याला बायपोलर म्हणतात, मराठीत द्विध्रुवी मनोविकार. दोन टोकांचा आजार. एका टोकाला उन्माद. त्यात झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी बाई थकत नाही. बोलणं इतकं भरभर की मध्ये शिरता येत नाही. मोठमोठे बेत, वारेमाप खर्च, लगेच संताप. हे आठवडाभर किंवा जास्त चालतं. दुसऱ्या टोकाला नैराश्य. उठवत नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, मरणाचे विचार येतात. हे दोन आठवडे, कधी महिनोनमहिने चालतं. मधल्या काळात माणूस चांगला असतो. हा आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात सुरू होतो, आणि आपल्याकडे मुलीचं लग्न, पहिलं बाळंतपण याच वयात येतं. ज्या बाईला हा आजार आहे तिला बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झटका येण्याचा धोका फार मोठा असतो. 'बाळंतिणीला बाहेरचं झालं' म्हणून आपण जे ऐकतो, त्यातल्या काही गोष्टी ह्याच असतात.

किती जणींना असतो? बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण देशाचा अंदाज त्यावरून येतो. हजार प्रौढ माणसांमागे साधारण तिघांना त्या वेळी बायपोलर आजार होता. आणि त्यातल्या दहापैकी सात जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या गावात पाच-सहा माणसं असू शकतात, आणि त्यातली चार तरी औषधावाचून. नाव माहीत नसतं, म्हणून आपण 'तिला याड लागलं' म्हणून मोकळ्या होतो.

आता मूळ प्रश्न. झटका ओसरला, मन शांत झालं, मग बुद्धीचं काम मागे का राहतं?

बुद्धीचं काम म्हणजे तरी काय? एका बैठकीचाच विचार करा. आठ जणी एकाच वेळी बोलतात, त्यातून कामाचं ऐकायचं, हे लक्ष. मघाशी सांगितलेला आकडा लिहून होईपर्यंत डोक्यात धरायचा, ही चालू आठवण. मागच्या ठरावाचा शब्द आठवायचा, ही साठवलेली आठवण. आधी बचत, मग हप्ता, मग नवं कर्ज, असा क्रम लावायचा आणि मध्येच कोणी अडवलं तर परत जागेवर यायचं, हे नियोजन. आणि हे सगळं ठरावीक वेगानं. बायपोलर आजार असलेल्या अनेकांना झटका नसतानाही यांतल्या एक-दोन गोष्टी जड जातात, असं जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. सगळ्यांना नाही, आणि सारख्या प्रमाणात नाही. काही जणी पूर्वीसारख्याच तल्लख राहतात. पण ज्यांना जड जातं त्यांचा तो आळस नसतो आणि नाटकही नसतं.

याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक, ज्याच्यावर गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनी बरंच काम केलं, ते म्हणजे दाह.

दाह म्हणजे आपण म्हणतो ती 'अंगातली उष्णता' नव्हे. सब्जा प्यायला, पायाला मेंदी लावली की उतरते ती गोष्ट वेगळी. पायात बाभळीचा काटा मोडला की काय होतं? ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. शरीराची राखणदार फौज तिथे धावून आलेली असते. हा दाह. तो कामाचा आहे, त्याच्याशिवाय जखम भरत नाही. काटा निघाला की फौज परत जाते. पण कधी कधी काटा दिसत नाही आणि फौजही परत जात नाही. अंगभर, मंद, चुलीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखा दाह चालू राहतो. बाहेरून सूज नाही, ताप नाही. तो रक्तात मोजावा लागतो.

तिथे सीआरपी येतो. पूर्ण नाव सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. हे प्रथिन आपलं यकृत तयार करतं. अंगात दाह झाला की काही तासांत त्याचं प्रमाण वाढायला लागतं. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. बारीक मोजणीच्या तपासणीत लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर दाह कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं धरतात. १० च्या वर गेलं तर बहुधा ताजा संसर्ग किंवा जखम असते.

पण रक्तातल्या दाहाचा डोक्याशी काय संबंध? तुम्हाला ताप भरला होता तो दिवस आठवा. चिकनगुन्या झालेल्या बायांना तर सांगायलाच नको. त्या दिवशी नुसतं अंग दुखत नव्हतं. कोणी बोललेलं नको वाटत होतं, साधा हिशोब लागत नव्हता, काय आणायला घरात गेलो ते विसरत होतो, पडून राहावंसं वाटत होतं. दाहाच्या वेळी फौजेचे निरोप रक्तातून फिरतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. ते निरोप मेंदूपर्यंतही जातात आणि मेंदू कामाचा वेग कमी करतो. ताप उतरला की डोकं परत चालतं. आता कल्पना करा की तसाच, पण खूप मंद निरोप महिनोनमहिने येत राहिला तर काय होईल.

संशोधकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. २०१६ साली वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बायपोलर आजार असलेल्यांचा सीआरपी इतरांपेक्षा सरासरीने वाढलेला निघाला. उन्मादाच्या झटक्यात सर्वांत जास्त, आणि झटका नसतानाही थोडा. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या संशोधकांनी बायपोलर असलेल्यांची आठवण, लक्ष अशा गोष्टींची परीक्षा घेतली आणि रक्तही तपासलं. ज्यांचा सीआरपी जास्त, त्यांचे गुण कमी, असं नातं त्यांना दिसलं. सगळ्याच अभ्यासांत ते तितकं स्पष्ट दिसत नाही.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नातं दिसलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. पोळ्याच्या सुमारास पाऊस असतो, म्हणून पोळा पाऊस पाडत नाही. दाहामुळे डोकं मंदावतं, की आजारात झोप जाते, वजन वाढतं, तंबाखू वाढते आणि त्यामुळे दाहही वाढतो आणि डोकंही मंदावतं, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. म्हणून सीआरपीची तपासणी करून बायपोलर आहे की नाही ते ठरत नाही. कोणी तसं सांगून तपासणीचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

मग तुमच्या मनात येईल, दाह आहे ना, तर दाह उतरवायची गोळी घेऊ. डॉक्टरांच्याही मनात हेच आलं होतं. आपल्या शेजारी, पाकिस्तानात, बायपोलरच्या नैराश्यातल्या २६६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर काहींना मिनोसायक्लिन, काहींना सेलेकॉक्सिब ही दाह कमी करणारी औषधं दिली, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. २०२० मध्ये निकाल आला. त्या औषधांनी नैराश्य जास्त उतरलं नाही. त्याआधी २०१९ मध्ये ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब नावाच्या महागड्या इंजेक्शनची चाचणी झाली, तिथेही एकूण गटाला फायदा दिसला नाही. संशोधन पुढे चालू आहे. आज मात्र आपल्यापुरता अर्थ एवढाच की दाहावरची गोळी हा बायपोलरचा उपचार नाही.

आणि आपल्या खान्देशातल्या बाईसाठी तर ती गोळी धोक्याची ठरू शकते. आजच्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे ठेवा.

बायपोलरवरचं एक जुनं आणि भरवशाचं औषध आहे, लिथियम. १९४९ साली ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी त्याचा उन्मादावर उपयोग दाखवला. ते आजही दिलं जातं, झटके टाळतं, आणि जीव द्यायचा विचार करणाऱ्यांचा जीव वाचवतं. लिथियम हे एक प्रकारचं मीठच आहे. मूत्रपिंडाला ते आणि आपलं जेवणातलं मीठ जवळजवळ सारखंच वाटतं. अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे, जुलाबावाटे कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. मग रक्तातलं लिथियम वाढतं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यात अंतर थोडं आहे. साधारण ०.६ ते १ पर्यंत औषध, दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती.

आणि दाहावरच्या, अंगदुखीच्या ज्या गोळ्या आपण पानटपरीवरच्या गोळीसारख्या घेतो, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, या सगळ्या मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडू देत नाहीत. काही ब्लड प्रेशरच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्यांचंही तसंच.

आमच्या कामातली एक ताई आहे, गाव सांगत नाही. लिथियमवर पाच-सहा वर्षं छान होती. आखाजीच्या आधीचे दिवस, ऊन पंचेचाळीसच्या घरात. गटाची पापड-कुरडयांची ऑर्डर होती, दिवसभर गच्चीवर वाळवण. कंबर धरली म्हणून तिने दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि रोज दोन अशा पाच दिवस घेतल्या. सहाव्या दिवशी उलट्या, जुलाब, हात असे थरथरत की कपातला चहा सांडायचा. चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली. घरचे म्हणाले, ऊन लागलं. कैरीचं पन्हं दिलं, कांदा फोडून हुंगवला. शेजारीण म्हणाली, तिचा जुना आजार उलटला. तिच्या नणंदेच्या मुलीने औषधाची फाईल काढली आणि सरळ दवाखान्यात नेलं. लिथियम वाढलेलं निघालं. गोळी थांबवून, सलाईन लावून, चार-पाच दिवसांनी ती सुधारली. उशीर झाला असता तर मूत्रपिंड आणि मेंदूवर कायमचा घाव बसू शकतो, प्राणही जाऊ शकतात.

म्हणून लिथियम घेणाऱ्या प्रत्येक ताईने, आणि तिच्या गटाने, एवढं पाठ करावं. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ताप-अंगदुखीला साधारणपणे पॅरासिटामॉल चालते, तरी मी लिथियम घेते असं मेडिकलवाल्याला आणि प्रत्येक डॉक्टरला आधी सांगायचं. उन्हाळ्यात पाणी भरपूर. मीठ एकदम तोडायचं नाही, एकदम वाढवायचंही नाही. निर्जळी उपास, हरतालिकेचा असो की आणखी कुठला, या औषधावर करायचा नाही. देवी समजून घेते. उलट्या-जुलाब लागले, हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना. आणि डॉक्टर सांगतील तेव्हा लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी. लिथियमसाठी रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी देतात.

हे ऐकून कोणी घाबरून लिथियम बंद करू नका. एकदम बंद केलं तर झटका उलटून येतो, आणि प्रत्येक झटक्याबरोबर बुद्धीचं काम आणखी मागे पडण्याची भीती असते. बुद्धी राखायची असेल तर पहिला उपाय झटका टाळणं, आणि झटका टाळायचा उपाय म्हणजे नियमित औषध. आणखी एक, मूल होण्याच्या वयातल्या बाईला सोडियम व्हॅल्प्रोएट नावाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. त्या गोळीने गर्भाला मोठा धोका असतो. पण तीही मनाने बंद करायची नाही, दिवस राहण्याआधी विचारून बदलून घ्यायची.

मग दाहाचं करायचं काय? जे दाह वाढवतं ते आवरायचं. हे काही फक्त बायपोलरच्या ताईसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठीही आहे. पोटावरची चरबी दाह वाढवते, आणि मनाच्या काही औषधांनी वजन वाढतं. म्हणून वजन, कंबर, साखर वर्षातून एकदा तरी पाहावी. रोज अर्धा तास झपझप चालावं. शेतातलं वाकून केलेलं काम वेगळं आणि चालणं वेगळं. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी हिरड्या सुजतात, आणि सुजलेली हिरडी हा तोंडातला कायमचा काटाच. दात घासताना रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. चुलीचा धूर टाळता येईल तेवढा टाळा. ताटात ज्वारी किंवा कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी असेल तर आपलं जुनं जेवण चांगलंच आहे. त्याच्यावर फरसाण, पाव, बाटलीतलं गोड पाणी चढलं तिथे बिघडलं.

आणि झोप. बायपोलर आजारात झोप ही औषधाइतकीच मोठी. एक-दोन रात्रींचं जागरणही उन्मादाला आमंत्रण देऊ शकतं, आणि अपुऱ्या झोपेने दाहही वाढतो. आपल्याकडे कानबाईचं रात्रभर जागरण असतं, लग्नाची हळद असते. त्या ताईला वगळू नका. रोट करायला बोलवा, आरतीला पुढे उभं करा, आणि दहाच्या ठोक्याला कोणीतरी तिला घरी सोडून या. एवढंच.

विसरभोळेपणाचं कारण प्रत्येक वेळी बायपोलरच असेल असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ ची, सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असेल तर डोकं चालत नाही. थायरॉइड मंद झालं तर डोकं जड होतं, आणि लिथियमने थायरॉइड मंद होऊ शकतं. बी-बारा कमी असेल तरी तेच. रात्रीची गोळी सकाळी घेतली जात असेल तर दिवसभर गुंगी राहते. ही कारणं दुरुस्त होणारी आहेत. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं 'बरं आहे' म्हणू नका. 'साहेब, हिशोब चुकतो, बोललेलं विसरते' हे शब्द स्पष्ट सांगा. सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

आता आपलं, म्हणजे गटाचं काम. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी बायपोलर असलेल्यांसाठी २१ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम केला. त्यात रोजच्या जगण्यातल्या युक्त्या शिकवल्या, लक्ष कसं ठेवायचं, आठवणीला आधार कसा द्यायचा, कामाचे तुकडे कसे पाडायचे. २३९ लोकांवर तो तपासला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला की, नुसत्या नेहमीच्या औषधोपचारापेक्षा या लोकांचं रोजचं वागणं-काम जास्त सुधारलं. म्हणजे बुद्धीला आधार दिला तर माणूस परत कामाला लागतो.

तो आधार गट देऊ शकतो. एका गटाने काय केलं ते सांगते. सचिव ताई झटक्यातून उठलेली, वही चुकत होती. काढा म्हणणाऱ्या चार जणी होत्या. शेवटी असं ठरलं की वही तिच्याकडेच राहील, पण रोख मोजणार एक, बोलून सांगणार दुसरी, आणि लिहिणार ती. एका वेळी एकच बाई बोलेल. रक्कम लिहिली की ती मोठ्याने वाचून दाखवेल. बैठक संपली की तिथेच बेरीज दोघी तपासतील, घरी नेऊन नाही. तिने स्वतःची एक छोटी डायरी कंबरेला लावली, त्यात गोळीची वेळ, बैठकीचा वार, बँकेचं काम. मोबाईलवर गजर. तीन महिन्यांनी चुका कमी झाल्या. आणि गंमत म्हणजे आधी ती आजारी नव्हती तेव्हाही वहीत होणाऱ्या इतर जणींच्या चुका सापडायला लागल्या.

पैशाचं संरक्षणही हवं. उन्मादात बाई कर्ज काढते, दागिना मोडते, मायक्रोफायनान्सवाल्याला सही देते. यासाठी ती चांगली असतानाच तिच्याशी बोला. तिच्या तोंडून लिहून घ्या की माझी झोप तीन दिवस गेली, मी भरभर बोलू लागले, तर मला कर्ज देऊ नका, अमक्या बहिणीला फोन करा, अमक्या दवाखान्यात न्या. गटाच्या खात्यावर दोन सह्या असतातच, तो नियम ढिला करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आजारी माणसाला हा हक्क दिला आहे की, आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे त्याने आधीच लिहून ठेवावं. त्याच कायद्याने मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. कुठे बांधलेलं दिसलं तर गप्प बसू नका.

आपल्यासारख्या बायांना हे जमतं का? जमतं. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्राने 'आत्मीयता' नावाचं काम उभं केलं. त्यात गावातल्याच माणसांना, बचत गटातल्या बायांनाही, दुःखी माणसाचं ऐकून घ्यायला आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत न्यायला शिकवलं. ते काम पुढे गुजरातेत मेहसाण्यापर्यंत गेलं. त्या बाया काही डॉक्टर नव्हत्या. बसून ऐकणाऱ्या होत्या.

जायचं कुठे? सुरुवात आशाताईपासून करा, किंवा गावातल्या आरोग्य मंदिरापासून. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारी आहे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. एखादी ताई मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर तिला एकटी सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध हलवा, आणि तिच्याजवळ बसूनच हा नंबर लावा. आजारामुळे काम करणं फार अवघड झालं असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही येतो, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारता येतं. देवाला जायचं असेल तर अवश्य जा. फक्त गोळी घरी विसरून जाऊ नका.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. अजेंड्यावर एक ओळ वाढवा, 'तब्येत'. कर्जाच्या आधी पाच मिनिटं. गटातली कोणी कायमची गोळी घेत असेल आणि तिला सांगावंसं वाटत असेल, तर गोळीचं नाव आणि जवळच्या माणसाचा फोन एका कागदावर लिहून अध्यक्षांकडे बंद पाकिटात ठेवा. जबरदस्ती नाही, आणि त्या पाकिटाची चर्चा पाणवठ्यावर नाही. आणि ज्या ताईचा हिशोब चुकतो, तिला 'लक्ष कुठे असतं तुझं' असं म्हणायच्या आधी एवढंच विचारा, 'झोप लागते का गं रात्री?'

तुमचे प्रश्न असतील तर आपल्या गावच्या सीआरपी ताईकडे द्या, म्हणजे उमेदच्या. पुढच्या वेळी तज्ज्ञ डॉक्टरांना ते विचारू. उन्हात जाताना पाण्याची बाटली सोबत ठेवा.